पेढा गिळेपर्यंत

नृसिंहवाडीचा पेढा मी खात नाही. कुणी प्रसाद म्हणून हातावर ठेवला, तर कपाळाला लावते आणि शेजारच्याला देऊन टाकते. लोक म्हणतात, बाईचे नखरे फार. म्हणू देत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आई गेली, बापानं दुसरा संसार थाटला आणि आम्ही दोघी बहिणी कोल्हापुरातल्या मुलींच्या बालगृहात आलो. माझी वेणी, माझा अभ्यास, माझं रडणं, सगळं थोरल्या अक्काकडं. मग इचलकरंजीहून आत्तीचा निरोप आला. घरच्या यंत्रमागांवर सुताच्या कांड्या भरायला तिला कुणीतरी हवं होतं. तोंडानं "भावाची लेक, माझ्याजवळ असू दे" म्हणत होती, पण मागितली फक्त अक्का. मी काय, अजून बसून खाणारी.

निर्णय बालकल्याण मंडळ घेणार होतं. मंडळाची माणसं महिन्यातून एकदा यायची आणि मुलींना आत बोलवायची. काय बोलायचं ते अक्कानं पक्कं करून ठेवलं होतं. नळावर ताटं घासताना ती ते म्हणायची आणि मी मंडळ होऊन ऐकायची.

"मला धाकटीला सोडून जायाचं न्हाय. मला हितंच ऱ्हाऊन साळा शिकायची हाय."

"मोठ्यानं बोल की!" मी म्हणायची. मंडळ म्हणून मी फार कडक होते.

त्या दिवशी बाईंनी, म्हणजे आमच्या अधीक्षिकेनं, सगळ्यांना तेल लावून घट्ट वेण्या घालायला लावल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता: तोंडात घास असताना बोलायचं नाही. बोललं की पुढ्यातलं ताट उचललं जायचं. भुकेल्या पोरी असले नियम लवकर शिकतात.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मास्तर होते, मायाळू माणूस. नृसिंहवाडीला जाऊन आले की पोरींसाठी आठवणीनं पेढे आणायचे. आम्हा दोघींना एकत्रच आत बोलावलं. त्यांनी आधी अक्काच्या हातावर पेढा ठेवला. "खा बाळ, घाबरू नकोस." तिनं अख्खा तोंडात टाकला. मग ते म्हणाले, "आत्याकडं जायचं ना?"

अक्का गिळायला बघत होती. पेढा टाळूला चिकटला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हात तोंडावर, अगदी बाईंनी शिकवल्यासारखा.

"लाजतीय पोर," बाई म्हणाल्या.

"रक्ताचं माणूस मिळतंय, भरून आलंय तिला," मंडळातलं कुणीतरी म्हणालं.

अध्यक्ष हसले. "ठरलं मग." आणि माझ्याही हातावर पेढा आला. मला कुणी काही विचारणार नव्हतंच. त्या माणसाचा मला राग धरता येत नाही, आणि त्याचाच मला राग येतो.

दाराबाहेर चपला घालताना अक्कानं घास गिळला आणि ते सगळं म्हणून दाखवलं. मोठ्यानं, एकही शब्द न चुकता. ऐकायला फक्त मी होते. आत पुढच्या मुलीला बोलावणं गेलं होतं.

अक्का एका दिवाळीला भेटायला आली. मागांच्या खडखडाटात राहून ओरडून बोलायची सवय लागली होती तिला. नंतर आत्तीनं तिचं परस्पर लग्न लावून दिलं. कुठं, ते मला कुणी सांगितलं नाही. मी खूप शोधलं. अजून ताटं घासायला घेतली की नळाच्या धारेत ती मला ऐकू येते. भास म्हणा, काहीही म्हणा. मी नळ बंद करते, तेव्हा ती थांबते.

पुढं बऱ्याच वर्षांनी मीच अशा एका बालकल्याण समितीवर बसू लागले. एकदा एक मुलगी समोर उभी होती. तिला भावापासून लांब, दुसऱ्या गावच्या संस्थेत पाठवायचं घाटत होतं. एका सदस्यानं प्रेमानं पेढ्यांचा बॉक्स उघडला. मी तो झाकला, जरा जोरातच.

"आधी तिला बोलू द्या."

कुणी खुर्ची सरकवली, कुणी घड्याळ बघितलं. मी हलले नाही.

"मला भावासंगं ऱ्हायाचं हाय," ती शेवटी म्हणाली. तसंच लिहून घेतलं. मग तिनं बॉक्सकडं बघितलं. "आता घेऊ?"

मी बॉक्स पुढं केला. तिचा घास गिळून होईपर्यंत मी कुणाला उठू दिलं नाही. न जाणो, अक्काला अजून काही सांगायचं असेल.