साडभाऊंचा चुका काढण्याचा कारखाना

ब्रह्मदेवाने घडवलेली एकही वस्तू आमच्या साडभाऊंनी पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. मांडवात सगळे वऱ्हाडी खुर्चीवर बसतात. हे आधी खुर्ची उलटी करून तिचे पाय हलवून बघतात. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी घरातले सगळे नळ एकदम सोडून पाहिले. टाकी रिकामी झाली आणि पहिली पंगत खरकटे हात घेऊन अंगणात उभी राहिली. "पाव्हणे एकाच टायमाले हात धुतीन, हे गवंड्याच्या ध्यानातच नोयतं," साडभाऊ मला आनंदाने म्हणाले. एकदा एसटीच्या कंडक्टरकडे त्यांनी वर्ध्याहून वर्ध्याचंच तिकीट मागितलं. "असं कोणी मांगतलं तं तुमी काय करसान, एवढंच पाहून राह्यलो," म्हणाले. कंडक्टरने जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सेलूपर्यंत त्या बसमध्ये आमच्याशी कोणी बोललं नाही.

या स्वभावाला पगारही मिळतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पुण्याच्या एका कंपनीत साडभाऊ सॉफ्टवेअर तपासत. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वेडावाकडा वापरायचा आणि तो कुठे मोडतो ते शोधायचं, हे त्यांचं काम. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास ती नोकरी सोडून ते वर्ध्याला परतले, सासऱ्यांच्या किराणा दुकानावरच्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडले आणि जाहीर केलं, की आता हीच तपासणी आपण इंटरनेटवरून करून देणार. गिऱ्हाइकाने बसल्या जागेवरून प्रोग्राम पाठवायचा. साडभाऊ कुठल्याशा दूरदेशीच्या भाड्याच्या मशीनवरून त्यावर कॉम्प्युटरनेच बनवलेली हजारो खोटी माणसं एकदम सोडणार आणि काय काय कोसळलं ते कळवणार.

"त्या मशिनी हायेत कुठं?" सासऱ्यांनी तूरडाळ तोलता तोलता विचारलं.

"ढगात. तसंच म्हणतात त्याले."

सासऱ्यांनी तराजू खाली ठेवला. "जावईबापू, आपल्या विदर्भात ढगाच्या भरोशावर कोनाचं भलं झालं?"

तरी कारखाना सुरू झाला. ऐन दुपारी भारनियमन असे. इन्व्हर्टर आणला, तर रस्ता खोदणाऱ्यांनी टेलिफोनची केबल तोडली. हे सगळं साडभाऊंनी सोसलं. गिऱ्हाइकांचं मन मात्र त्यांना कधी उमगलं नाही. तपासून द्या म्हणणाऱ्या माणसाला खरं तर 'उत्तम आहे' एवढंच ऐकायचं असतं. साडभाऊ त्याला लांबलचक चुका पाठवत आणि खाली आपुलकीने 'अजून शोधतो आहे' असं लिहीत. गिऱ्हाईक परत येत नसे. मेव्हणी कळवळून म्हणाली, "अहो, थोड्याशा चुका सांगत जा ना. बाकीच्या त्याईच्या त्याईले सापडतीन."

"मंग त्याईनं मले काऊन बोलावलं?" साडभाऊंनी विचारलं. त्यांना ते खरोखरच कळत नव्हतं.

शेवटी नागपूरच्या एका कंपनीचं मोठं काम आलं. कॉलेजप्रवेशाचे अर्ज इंटरनेटवर भरण्याची सोय त्यांनी बनवली होती, आणि ती चांगली आहे असा साडभाऊंचा दाखला त्यांना हवा होता. साडभाऊंनी खोटी माणसं सोडली. गर्दी वाढताच प्रोग्राम बसला आणि भरलेले अर्ज गडप झाले. मालक स्वतः गाडी घेऊन वर्ध्याला आला. मी तेव्हा तिथेच होतो.

"एवढी गर्दी एकदम येतच नसते हो," मालक म्हणाला. "सही करून टाका. वर्षभराचं काम तुम्हालाच देतो."

"शेवटच्या दिवशी येते ना साहेब," साडभाऊ हात जोडून म्हणाले. "खेड्यातले पोरं शेवटच्या दिवशीच येतात. आठ दिवस थांबा, मी फुकट तपासून देतो."

मालकाने चहाही घेतला नाही. दाखला त्याने दुसरीकडून मिळवला.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी गर्दी उसळली आणि व्हायचं तेच झालं. साडभाऊंचं म्हणणं खरं ठरलं म्हणून मी धावत त्यांना सांगायला गेलो, तर ते खोलीत नव्हते. सापडले ते कॉलेजच्या आवारात. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरायला हिंगणीकडून आलेल्या मुली उन्हात बंद खिडकीसमोर उभ्या होत्या, एकीचे वडील शिपायाला पुन्हापुन्हा काहीतरी विनवत होते, आणि साडभाऊ भिंतीला टेकून नुसते बघत होते. "भाऊजी," ते म्हणाले, "मी भांडाले पाह्यजे होतं. हात काऊन जोडले मी?"

पुढे मुदत वाढली, मुलींचे अर्ज भरून झाले. पण त्या मालकाने सगळीकडे सांगितलं, की वर्ध्याच्या माणसाने तपासताना प्रोग्राम बिघडवून ठेवला. ते लोकांना पटलं. मोडणं हाच ज्याचा धंदा, त्याच्यावर मोडल्याचा आळ सहज बसतो. त्यानंतर काम आलंच नाही.

कॉम्प्युटर विकायला नागपूरला आम्ही दोघेच गेलो. परतताना केळझरच्या गणपतीला थांबलो. साडभाऊ बराच वेळ हात जोडून उभे होते. काय मागितलंत, असं मी बाहेर आल्यावर विचारलं.

"मांगतलं काई नाई. म्हटलं, माह्या बोलण्यानं ज्याले ज्याले वाईट वाटलं असन, त्याले शांत कर बापा."

आता ते पुण्यात एका विमा कंपनीत आकडे भरतात. रविवारी फोन करतात. सासऱ्यांचा गुडघा, भाजीचे भाव, थंडी पडली की नाही, असं बोलणं होतं. बोलतात छान. चूक मात्र कशातच काढत नाहीत. मधेच एखादं वाक्य सुरू करून ते थांबतात, "बरं, जाऊ द्या," म्हणतात. मी ठेवत नाही फोन. तिकडून पुण्याच्या रस्त्याचा आवाज येत राहतो, आणि मी वाट पाहतो.