सोवळ्यातला सुपरहिरो

ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी सुपरहिरो कसा निवडावा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, खेळण्यांशी संबंध आला तो वर्गातून जप्त करण्यापुरता. आणि आता टोपी बाजारातल्या एका अरुंद दुकानात, शाल गुंडाळून, मी रंगीबेरंगी पहिलवानांच्या रांगेसमोर उभी होते. दुकानदार विचारत होता, "बच्चा कितने साल का है, मैडम?"

मी खरं ते सांगितलं. "अस्सी का."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या फळीकडे पाहिलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "तो फिर शोकेस के लिए चाहिए होगा."

शोकेससाठी नको होता. जेवणासाठी हवा होता. पण हे त्याला समजावून सांगण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं.

नवरात्र संपता संपता बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय लवकर सुधारला, काठी घेऊन दाना ओली गल्लीतल्या आमच्या घरातल्या घरात ते हिंडू लागले. बोलणंही बरंचसं परत आलं. उजवा हात तेवढा आला नाही. खांद्यातून हलायचा, कोपरातून थोडा वाकायचा, पण अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटायची नाहीत, आणि ती भेटल्याशिवाय भाताचा घास होत नाही.

डावा हात ठणठणीत होता. पण डाव्या हाताने जेवायचं नाही. डाव्या हातात चमचा धरून तर नाहीच नाही. आमच्या घरात पणजोबांपर्यंत इथल्या मराठी संस्थानिकांच्या दरबारातली पूजा होती. नंतर सगळे कचेऱ्यांत आणि शाळांत शिरले, तरी ताटासमोर बसलं की आमच्यातला प्रत्येक जण पुन्हा भटजी होतो. "त्या हाताने अन्न नाही," एवढं म्हणून बाबांनी विषय संपवला. मग भरवणं आलं. लग्न न केलेली, निवृत्त झालेली मुलगी घरात असताना ते कुणाच्या वाट्याला येणार हे विचारायची गरज नव्हती. पुण्याचा भाऊ रोज संध्याकाळी फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याच्याकडे दर वेळी नवा उपाय असायचा आणि तो करणारी मी असायचे.

मी भरवायचे आणि बाबा चार-पाच घासांनंतर मान फिरवायचे.

"पुरे."

"बाबा, अजून काही खाल्लंच नाहीत तुम्ही."

"भूक नाहीये. जबरदस्ती नको करूस."

मी पुढचा घास तोंडाशी नेला की तो धोतरावर सांडायचा. मी चिडायचे. चांगली मोठ्याने चिडायचे, शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल अशी. मग ताट उचलून स्वयंपाकघरात जायचे, जरा वेळ नुसती ओट्याला टेकून उभी राहायचे आणि माझा वरणभात उभ्या उभ्या पोटात ढकलायचे. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. सेवा, पुण्य वगैरे शब्द मी तेव्हा ऐकून घेत नसे. मला झोप हवी होती.

ऐन थंडीत डॉक्टरांनी त्यांना वजनाच्या काट्यावर उभं केलं. नंतर मला बाजूला न घेता, त्यांच्यासमोरच सांगितलं की खाणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालायचा विचार करावा लागेल. परत येताना किला गेटच्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "नळी नको."

"मग खा," मी म्हटलं.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाले गृहस्थ यायचे. चांगले जाडजूड, दोन मुलींचे बाप, स्वभावाने शांत. त्यांनी रबराचा चेंडू आणला. बाबांनी तो दाबला नाही, पलंगाखाली घरंगळू दिला. त्यांनी मऊ लगदा आणला. बाबा म्हणाले, "कणीक मळायला मी काय आचारी आहे?" एक दिवस त्या गृहस्थांच्या बॅगेच्या चेनला, मुलीने अडकवलेला एक बोटभर उंचीचा सुपरहिरो लटकत होता. त्याचा एक हात उलटा फिरून पाठीमागे गेला होता. व्यायाम चालू असताना बाबांची नजर सारखी तिकडे. शेवटी राहवेना म्हणून त्यांनी डाव्या हाताने तो हात फिरवून जागेवर आणला. "बेचारा," म्हणाले.

ते गृहस्थ जाताना दारात मला म्हणाले, "दीदी, ऐसा ही बड़ा वाला ले आइए. जिसके सारे जोड़ मुड़ते हों. सीधे हाथ से मोड़ेंगे तो उँगलियाँ खुलेंगी."

बाबांच्या उजव्या हाताला हे काम मिळावं म्हणून मी टोपी बाजारात होते.

दुकानदाराने एकेक काढायला सुरुवात केली. एकाच्या छातीत दिवा लागत होता आणि बटण दाबलं की तो ओरडत होता. आमच्या घरात ओरडायला मी पुरेशी होते, तो बाजूला ठेवला. एक दिसायला सगळ्यात रुबाबदार, पण नुसते खांदे फिरणारा, बाकी सगळा ठोकळा. एक काचेसारख्या खोक्यात बसवलेला. "ये खोलना मत, मैडम. शौकीन लोग ऐसे ही रखते हैं. खोला तो गया." असाही एक शौक असतो हे मला त्या दिवशी कळलं. न उघडता नुसतं पाहत राहायचं. तेवढी फुरसत ज्याला असेल त्याने करावा.

मग मी माझा डावा हात पुढे केला. माझ्या डाव्या हाताने जे वाकवता येईल ते बाबांच्या उजव्या हाताला कदाचित पुढेमागे जमेल, असा माझा हिशेब. एकाचा गुडघा इतका घट्ट की माझंच नख मोडलं. एकाचे सांधे इतके सैल की उभा केला तर नमस्कार घातल्यासारखा पुढे पडायचा. दुकानदाराने दोनदा उसासा टाकला. शेवटी एक निळ्या कपड्यांतला, पिवळा पट्टा लावलेला सापडला. वीतभर उंच. मनगट, कोपर, गुडघा सगळं वाकत होतं, आणि वाकवलं तिथे राहत होतं.

"गिफ्ट पैक कर दूँ?"

"नहीं भैया, ऐसे ही दे दो."

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्याकडे नवीन वस्तू आली की वापरायच्या आधी देवापुढे ठेवून हळदकुंकू लावायचं असतं. मिक्सर, गॅसची शेगडी, भावाने पाठवलेला मोबाइल, बाबांची काठी, सगळ्यांना कुंकू लागलेलं आहे. मी दमले होते आणि हाताला सवय होती. पिशवीतून त्याला काढला, देवघरात मुरलीधराशेजारी उभा केला, कपाळ शोधून बोट टेकवलं आणि पोळ्या लाटायला गेले.

जेवणाआधी त्याला आणायला गेले तर बाबा देवघरासमोर खुर्ची लावून बसलेले.

"तो उचलू नकोस."

"का?"

"देवघरात बसवलं ना तू त्याला? कुंकू पण लावलं. आता त्याचे हातपाय पिळायला मला देऊन राहिली?"

"बाबा, खेळणं आहे ते. टोपी बाजारातून आणलंय."

"मुरलीधर पण बाजारातूनच आला होता."

मी तिथेच पाटावर बसून घेतलं. नळीची आठवण दिली, डॉक्टरांची दिली, शेवटी आईची शपथ घातली. पालथ्या घड्यावर पाणी. एवढं फिरून, एवढे सांधे तपासून आणलेला सुपरहिरो मीच माझ्या हाताने देव करून ठेवला होता. दुसऱ्या कुठल्या घरात असला घोळ झाला असता असं मला वाटत नाही.

सकाळी मी पूजेला बसले. माझी पूजा म्हणजे वरच्या वर पाणी. मुरलीधराला पितांबर नेसवणं, उपरणं घालणं हे बाबांचं रोजचं काम होतं. इतक्या लहान मूर्तीच्या निऱ्या ते मोठ्या माणसाच्या असाव्यात तशा काढायचे. आजारानंतर त्यांनी मूर्तीला हात लावला नव्हता. "पितळ जड आहे. हातातून पडला तर?" त्यामुळे मी मुरलीधराला पितांबर गुंडाळायचे, आंघोळीहून आलेल्याला टॉवेल गुंडाळावा तसं, आणि ते खुर्चीतून बघत राहायचे.

त्या दिवशी मुरलीधराचं झालं तसं म्हणाले, "त्याला पण नेसव ना. तसाच ठेवशील?"

"त्याने कपडे घातलेत, बाबा."

"आतले कपडे वरून घातलेत."

माझं डोकंच फिरलं. मी उठले, तो सुपरहिरो आणि मुरलीधराचा एक जुना, विटका पितांबर त्यांच्या मांडीवर टाकला. "मला येत नाही. तुम्हाला एवढं आहे तर तुम्हीच नेसवा." आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला निघून गेले. तिथे उन्हात बसून राहिले. खाली जायची इच्छाच होत नव्हती.

खाली आले तेव्हा बाबांनी त्याला दोन गुडघ्यांच्या मधे धरला होता. "हा पडला तर पडला," असं स्वतःशीच म्हणाले. उजव्या हाताचा अंगठा पितांबराच्या काठावर होता, आणि पहिलं बोट अंगठ्याकडे निघालं होतं. पोचलं नाही. कापड घसरलं. त्यांनी ते पुन्हा उचललं.

मी त्यांना डाव्या हाताने करा असं म्हटलं नाही आणि त्यांनीही तो वापरला नाही. देवाचं काम उजव्या हातानेच करायचं असतं. ज्या हट्टापायी माणूस उपाशी राहत होता, तोच हट्ट आता बोटांना कामाला लावत होता.

बरेच दिवस ते चाललं. कासोटा घालायचा तर त्याचा गुडघा वाकवावा लागे, उपरणं काखेतून न्यायचं तर हात वर करावा लागे. माझं मोडलेलं नख कामी आलं म्हणायचं. निऱ्या मात्र होईनात. बाबा घाम पुसायचे, स्वतःला शिव्या द्यायचे, झोपून जायचे. त्यांचं खाणं मात्र वाढलं नाही. तेच चार-पाच घास, तेच "पुरे", तीच मी. डॉक्टरांनी पुन्हा वजन केलं आणि होळीपर्यंत थांबू असं म्हणाले.

पिवळा पितांबर नेसलेला, कपाळाला कुंकू लावलेला तो निळा पहिलवान पाहून फिजिओथेरपीवाल्या गृहस्थांनी हात जोडले. "अंकल जी, ये कौन से भगवान हैं?"

"अभी तो उम्मीदवार हैं," बाबा म्हणाले.

होळीच्या आधीची एक दुपार. मी नेहमीसारखं ताट घेऊन आले, वरणभात कालवला, घास उचलला. बाबांनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताने धरलं.

"ठेव खाली."

मी ठेवला. त्यांनी ताट जवळ ओढलं. बोटं भातात गेली, अंगठा आला, आणि एक वेडावाकडा घास वर उठला. अर्धा रस्त्यात गळाला. उरलेला तोंडात गेला. मग दुसरा. मला फार आनंद झाला असं लिहायला हवं, पण त्या क्षणी मला फक्त हे जाणवलं की माझ्या हातांना काही काम नाही. मी ते मांडीवर ठेवून बघत बसले. शितं सगळीकडे पडत होती. ती पुसायची मलाच, हेही डोक्यात येऊन गेलं.

ते चार घासांवर थांबले नाहीत. पाणी प्यायले आणि पुन्हा हात ताटाकडे नेला. मी जरा टोचूनच विचारलं, "आज भूक लागली वाटतं?"

"भूक तर रोजच लागायची."

"मग रोज नको का म्हणायचात?"

त्यांनी घास गिळला. "माझं आटोपल्याशिवाय तू खायची नाहीस. मी लवकर उठलो तर तुला गरम मिळेल, म्हणून." मग थोडं रागावून म्हणाले, "तरी तू थंडच खाऊन राहिली होती. मला काय ऐकू येत नाही? एकही दिवस शेगडी पेटवली नाहीस तू."

ज्या घासांवरून मी या माणसावर एवढी ओरडत होते, ते घास ते माझ्यासाठी सोडत होते. आणि मी ते थंड करून खात होते.

"ताट आण तुझं," ते म्हणाले.

मी शेगडी पेटवली, वरण गरम केलं, ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले. जेवताना मधेमधे हुंदका यायचा, तेव्हा मी थांबायचे. मी थांबले की तेही हात थांबवायचे.