कंबरेमागचा झेंडू

माणिकबाई भातकुलीच्या. लग्न होऊन अमरावतीला आल्या आणि हार ओवायला बसल्या. चाळीस वर्षं मान खाली. मी नुकतीच मराठीत एम.ए. झालेली, शेजारची. त्या एकसष्ट वर्षांच्या. तरी मैत्री आहे.

जूनमध्ये त्यांचे हात खांद्याच्या वर जाईनात. केसही सून, प्रणाली, विंचरून द्यायची. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. काळजी होती फुलोऱ्याची.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाच्या दिवशी करंज्या, पापड्या, कणकेची तळलेली वेणी-फणी दोऱ्याने बांधून मूर्तींच्या वरच्या दांडीला टांगतात. या घरी फुलोरा जमिनीवर उभं राहूनच बांधायचा. स्टूल नाही. जिचे हात दांडीला पोचतील तिनं बांधायचा. सासूचे पोचेनासे झाले, तेव्हापासून माणिकबाई बांधतात.

"दांडी वीतभर खाली घेऊ का?" मुलगा गोवर्धन म्हणाला.

"घे. मंग लक्ष्म्या वाकूनच जेवतीन."

दवाखान्यातल्या नीलम मॅडमनी तपासलं. हाडं ठीक होती. पाठ आणि खांदे आखडले होते. त्यांनी भिंत सांगितली. पावलं जरा पुढे ठेवून पाठ टेकायची. डोकं, कंबर, कोपरं, मनगटं, सगळं भिंतीला. मग हात हळूहळू वर सरकवायचे. दुखलं की थांबायचं. तसेच खाली आणायचे. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

सोपं वाटलं. मी करून पाहिलं. माझी मनगटं भिंतीला लागेनात. कुणाला बोलले नाही.

आठ दिवसांत माणिकबाईंचे हात भराभर वर जाऊ लागले. मी थक्क झाले. प्रणाली झाली नाही.

"आई, कंबर उचलून राहिल्या तुमी."

"काहून उचलू? टेकली हाय."

प्रणालीने टोपलीतला झेंडू त्यांच्या कंबरेमागे ठेवला. हात वर गेले. झेंडू खाली पडला.

"तुह्या फुलातच दम नाई."

दुसरं फूल ठेवलं. तेही पडलं. त्या दिवसापासून फुलाशिवाय व्यायाम नाही. हात आता डोक्यापर्यंतही जाईनात, पण खरे जात होते. भिंतीवर केशरी डाग पडले.

शेजारच्या पार्बताबाईंनी एकदा दारातून पाहिलं. "काहून वं माणिक, पोलीस आले का?"

"आले. तूबी ये, हात वर कर."

श्रावण संपता संपता फूल दहाही वेळा टिकू लागलं.

जेवणाचा दिवस आला. प्रणाली एकेक करंजी हातात देत गेली. माणिकबाई बांधत गेल्या. शेवटची फणी सगळ्यांत उंच, मधोमध. हात दोन बोटं कमी पडले. पुन्हा ताणले. नाहीच. गोवर्धनने स्टुलाकडे पाहिलं.

माणिकबाईंनी फणी प्रणालीकडे दिली. थेट भिंतीला जाऊन लागल्या.

"फूल दे."

नवं पातळ, समोर सोळा भाज्यांचा नैवेद्य, आणि त्या भिंतीला पाठ लावून हात वर सरकवत होत्या. सावकाश. पाच वेळा. मग परत आल्या, फणी घेतली आणि बांधली.

त्या वळल्या तेव्हा चेपलेला झेंडू त्यांच्या कंबरेला चिकटलेला दिसला. प्रणाली इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी फुलोरा उतरवताना माणिकबाईंनी सुनेला भिंतीशी उभं केलं.

"आता तू. पुढंमागं तुलेच बांधाचा हाय."

दिवसभर मान मोबाइलात घालणारी प्रणाली. तिचं फूल दुसऱ्याच खेपेला पडलं.

माणिकबाईंनी ते उचललं आणि स्वतःच्या केसांत खोवलं. दोन्ही हातांनी.

"मंग पुढच्या सालीबी मीच."