माझा हत्ती आणि घाणीवरची बाई

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. पण आधीच बजावते — मी रडणार नाही, आणि ‘तेव्हा समज नव्हती’ असंही म्हणणार नाही. चांगली एकतीस वर्षांची घोडी होते. समज भरपूर होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागपूर सोडून बंगळुरात येऊन मला तीन वर्षं झाली होती. राजाजीनगरच्या एका छोट्या कंपनीत आम्ही शाळांसाठी एक अजब वस्तू करत होतो — डोक्यावर जड हेल्मेट चढवायचं, डोळ्यांपुढे दोन इवले पडदे, आणि पोरगं थेट जुन्या किल्ल्यात उभं! मान वळवली की किल्लाही वळायचा. इतिहास पाठ करायचा नाही, त्यात फिरून यायचं. व्हर्च्युअल रिॲलिटीचं हे खूळ कंपनीत कुणी आणलं? मी. ते मी आजही ताठ मानेनं सांगते.

किल्ल्यात काय काय होतं हे सांगायला शांताक्का यायच्या. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेलं. त्यांची मागणी एकच होती. राजा दाखवा, तोफा दाखवा — पण दरवाज्याच्या उजव्या हाताला बांधकामाचा चुना मळायची घाणी दाखवा. दगडी चाक, ते ओढणारा बैल, आणि बैल हाकणारी बाई. ती बाई त्यांच्याच घराण्यातली. किल्ल्याच्या कामावर नवरा दगावला, आणि घाणी हिनं चालवली. चुन्यानं बोटं सोलवटायची म्हणून तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळायची. कुठल्याही पुस्तकात ती नाही. घरच्या बायकांनी एकमेकींना सांगत आणली, तेवढीच उरलेली. अक्कांना मूलबाळ नव्हतं. “माझ्यामागं कोण सांगणार गं तिचं?” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मी ती बाई केली. तीन आठवडे खपून, चिंध्यांसकट केली.

पण त्याआधी दोन महिने मी हत्ती केला होता. नक्षीची झूल, गळ्यात घंटा, हलणारी सोंड. तो हत्ती चांगला होता हो! त्याबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

आता नीट ऐका. त्या यंत्रात दिसणारी प्रत्येक वस्तू बारक्या त्रिकोणांची बनलेली असते. त्रिकोण फार झाले की चित्र अडखळतं, मुलांना मळमळतं. मग हत्ती आणि घाणी एकत्र बसत नव्हते का? — बसत होते. झुलीची नक्षी थोडी कमी केली की दोन्ही लोण्यासारखं चालायचं. मी स्वतः करून पाहिलं होतं.

मग आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या रत्नम्माला हेल्मेट घालून पाहिलं. ती उजवीकडे वळली आणि तिथेच थबकली. हात पुढे केला. हळूच हसली. किती वेळ ती त्या बाईपाशीच उभी! शेवटी मी विचारलं, “हत्ती कसा वाटला?”

“याव आने?” ती म्हणाली. कुठला हत्ती?

बस, एवढंच झालं. माझ्या दोन महिन्यांच्या हत्तीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. याला काय म्हणायचं? मत्सर म्हणा. बाहुलीचा मत्सर, आणि तीही मीच केलेली. संध्याकाळी अक्का आल्या तेव्हा मी म्हणाले, “अक्का, यंत्राला पेलत नाही हो. बाई काढावी लागेल.”

अक्का म्हणाल्या, “सरी, बरं. यंत्रावर कशाला रागवायचं?”

बंगळुराजवळ आनेकलच्या एका शाळेत पहिला प्रयोग झाला. प्रत्येक मुलाशेजारी अक्का उभ्या राहायच्या आणि कन्नडात सांगायच्या — उजवीकडे बघ, तिथे एक बाई आहे, यंत्राला पेलली नाही, तू मनात आण. दिवसभर, प्रत्येकाला. मी चार हात लांब उभी राहून ऐकत होते.

सातवीतल्या एका मुलीनं हेल्मेट काढलं आणि सरळ मला विचारलं, “एवढा मोठा हत्ती पेलतो, मग एक बाई का नाही पेलत?”

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी हसले आणि म्हणाले, “बाई हलते ना, म्हणून.” सोंड तर हलतच होती. पोरगी पुढे विचारणार, तोच अक्का तिला म्हणाल्या, “गप्प बस. मॅडमना यंत्रातलं कळतं.” ज्या बाईनं जन्मभर पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं, तिनं माझ्यासाठी एका पोरीला गप्प केलं. मी तेही होऊ दिलं.

आणि अजून एक आहे — खरं तर तेच सांगायला बसले होते. त्या पोरीचा प्रश्न उद्या कंपनीतलं कुणीही विचारील, दोन्ही मशीनवर लावून बघील, या धास्तीनं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी घाणीची फाइल पुसून टाकली. दुसरी प्रत नव्हती. मग डबा खाल्ला.

हत्ती पुढे कित्येक शाळांमधून हिंडला. बक्षीसही मिळालं, ते मी घेतलं, परत करणार नाही. शांताक्का दोन वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत दोष यंत्राचाच मानत होत्या.

यंत्राला पेलत होतं.

त्या बाईचं नाव अक्कांनी मला दोनदा सांगितलं होतं. फाइललाही मी तेच नाव दिलं होतं. आज ते मला आठवत नाही.