विश्राममधलं लोणी

आमच्या आत्याच्या यजमानांइतकी लोण्याच्या सुखदुःखाची काळजी वाहणारा माणूस सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही. मी दोन्ही पालथे घातलेत, खांद्याला पत्रकांची पिशवी अडकवून, तालुक्या-तालुक्याच्या बाजारात; त्यामुळं हे विधान मी जबाबदारीनं करते आहे. माझी सगळीच विधानं तेवढ्या जबाबदारीनं केलेली नसतात, ते पुढं येईलच. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात. हे मामा फौजेच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, हवालदार होते. रिटायर होऊन वडूजला आले, दोन म्हशी घेतल्या आणि उरलेलं आयुष्य एकाच कामाला वाहिलं: घरचं लोणी बाराही महिने भाकरीवर बोटानं पसरता आलं पाहिजे. वितळायचं नाही, कडक व्हायचं नाही, खवट व्हायचं नाही. लोक याहून मोठ्या कामांना आयुष्य वाहतात, मीही त्यातलीच. पण आमच्यापैकी किती जणांचं काम रोज सकाळी न्याहारीच्या वेळेला पूर्ण झालेलं दिसतं? मामांचं दिसायचं.

या वेडाचं मूळ फौजेत होतं. वर कुठंतरी बर्फातल्या चौकीवर मामांनी टिनातलं बटर कुऱ्हाडीनं फोडून जवानांना वाढलं होतं. "कुऱ्हाडीनं, पोरी! लाकडं फोडत्यात तसं. आन त्यो खडा चपातीवर फिरवला की चपाती फाटायची. घरापासनं एवढ्या लांब आलेला पोरगा, आन त्याच्या ताटात फाटकी चपाती." ती फाटकी चपाती त्यांच्या मनातून गेली नाही. लोण्याच्या त्यांनी दोनच अवस्था मानल्या होत्या, आणि त्यांची नावं कवायतीच्या मैदानावरून आणली होती. फ्रिजमधलं लोणी ‘सावधान’. हवं तसं मऊ लोणी ‘विश्राम’. सकाळी उठल्यावर देवाला नमस्कार करायच्या आधी ते लोण्याला करंगळी लावायचे आणि स्वयंपाकघरातून घरभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "विश्रा...म!" मग आत्या चहा ठेवायची. एखाद्या सकाळी आरोळी आली नाही, तर चहाही उशिरा मिळायचा आणि म्हशींनाही दोन शब्द ऐकून घ्यावे लागायचे.

त्यांची रीत शिकण्यासारखी होती, म्हणजे कुणी शिकलं असतं तर. ताक घुसळून लोणी निघालं की ते सात पाण्यांनी धुवायचं. सहा नाही. सहाव्या पाण्यात ताकाचा थेंब राहतो आणि तोच थेंब पुढं घात करतो, असं त्यांचं म्हणणं. मग चिमूटभर मीठ घालून ते चिनी मातीच्या वाडग्यात दाबून भरायचं आणि वाडगा पालथा करून पाण्यानं भरलेल्या सटीत, म्हणजे रुंद तोंडाच्या भांड्यात, बसवायचा. म्हणजे खाली पाणी, वर चिनी माती, आणि वाऱ्याला आत शिरायला फट नाही. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं. इथपर्यंत कुणीही करील. खरी विद्या पुढं होती. उन्हाळ्यात ही सट माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत बसायची, पावसाळ्यात फडताळात, आणि थंडीत चूल विझली की तिच्या बाजूच्या वैलावर, वैल गार झाला की ज्वारीच्या पोत्यात गळ्यापर्यंत. ज्वारीला आतून ऊब असते, हे मला त्यांनीच सांगितलं. या हलवाहलवीला ते ‘बदली’ म्हणत. "आज दुपारी लोण्याची माठाखाली बदली झाली," असं तोंड पाडून सांगायचे, जणू बायको-मुलं मागं ठेवून ते बिचारं एकटं निघालंय. आत्यानं हौसेनं फ्रिज घेतला, त्याला मामांनी ‘क्वार्टर गार्ड’ नाव ठेवलं. क्वार्टर गार्ड म्हणजे पलटणीतली कोठडी. त्यात ते स्वतःची औषधं ठेवायचे आणि लोण्याला त्याच्या दारासमोरूनही न्यायचे नाहीत.

एकदा लोणंदला नात्यातलं लग्न होतं. घरात मागं कुणी नाही, पाणी कोण बदलणार? मामांनी सट धोतराच्या फडक्यात बांधून मांडीवर घेतली आणि एसटीत बसले. मी शेजारी. कंडक्टरनं विचारलं, "मामा, काय हाय त्यात? अस्थी-बिस्थी न्हाईत न्हवं?" मामा म्हणाले, "लोणी हाय. गाडीत सावलीची बाजू कंची, तेवढं सांगा." कोरेगावला रस्ता वळला, ऊन आमच्या बाजूला आलं, मामा उठले, सट घेऊन पलीकडं गेले आणि एका तरण्या माणसाला म्हणाले, "गड्या, जरा उठतोस का? पेशंट हाय." तो माणूस घाबरून उठला. लोणंदपर्यंत पेशंटनं अशा चार जागा बदलल्या, आणि मांडवात पोचल्यावर नवरा-नवरीच्या आधी लोण्याला करंगळी लागली.

हे लोणी ते विकत नव्हते. वडूजच्या स्टँडजवळ एका मुसलमान चाचांची बेकरी आहे. चाचा आणि मामा शाळेतले जोडीदार. रोज सकाळी मामा सट घेऊन बेकरीत जायचे, फळीवर मांडायचे, आणि चाचांचा गरम पाव घेणाऱ्या प्रत्येकाच्या पावाला स्वतःच्या हातानं लोणी लावायचे. लाकडाच्या चपट्या पट्टीनं, एकाच फटकाऱ्यात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाव कुठं फाटला नाही ना, हे उजेडाकडं धरून बघायचे आणि मगच हातात द्यायचे. चाचा म्हणायचे, "हवालदार, पाव माझा आन नाव तुमचं. ह्यो कंचा न्याय?" मामा म्हणायचे, "तुमचा पाव फाटत न्हाई, त्यो माझ्यामुळं. कवातरी उपकार माना." पाव घ्यायला आलेली माणसं हे ऐकत हसत उभी राहायची. निवृत्त माणसाला सकाळी कुणीतरी वाट बघणारं लागतं. मामांची वाट अख्खं स्टँड बघायचं.

आता माझ्याबद्दल. मी सांगलीत ग्राहकांच्या एका छोट्या गटात काम करते. गेल्या थंडीत आम्ही बनावट लोण्याविरुद्ध मोहीम काढली. टपऱ्याटपऱ्यांवर ‘बटर’ म्हणून जे फासलं जातं ते दुधाच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नसतं, याची मला चीड होती, आजही आहे, आणि ती कमी करायचा माझा विचार नाही. पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. आमच्यात शिकवतात की पत्रकात कच खायची नाही. ‘बहुधा’, ‘शक्यतो’, ‘काही वेळा’ हे शब्द दिसले की माणूस पत्रकाची पुडी करतो. मी लिहिलं होतं, ‘थंडीत मऊ राहणाऱ्या लोण्यात बहुधा तेल किंवा वनस्पती असते.’ मग वाचून बघितलं. मिळमिळीत वाटलं. ‘बहुधा’ खोडला, आणि खोडल्यावर हात असा काही मोकळा झाला की जाड अक्षरांत एक ओळ आपोआप उतरली: थंडीत कडक, ते लोणी, थंडीत मऊ, ती चोरी! गटातल्या सगळ्यांनी वाहवा केली. मलाही ती फार आवडली. हे लिहिताना मला मामा एकदाही आठवले नाहीत. शपथेवर सांगते, एकदाही नाही.

त्याहून वाईट पुढं आहे. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी वडूजच्या बाजाराला गेले, ती आत्याकडंच उतरले. ऐन पौष. परसातल्या दगडावर हात टेकवत नव्हता, खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ओतत नव्हती. आणि त्या सकाळी मी मामांच्या हातचं भाकरी-लोणी खाल्लं. लोणी भाकरीवर असं पसरलं की ते मऊ आहे, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. जे काम इतकं नीट झालेलं असतं ते दिसतच नाही. मी तर त्या दिवशी फक्त पत्रकं बघत होते. निघताना मामांनी हात पुढं केला. "निम्मी हिकडं दे. तुझ्या एकटीच्यानं एवढा बाजार उरकायचा न्हाई." आणि त्यांनी ती वाटली. बेकरीसमोर उभं राहून, प्रत्येकाला थांबवून, "माझ्या भाचीनं लिवलंय. वाचा. नुसत्या पुड्या बांधू नगा."

लोकांनी वाचलं. पुढची हकिगत मला चाचांनी फोनवर सांगितली. मी सांगलीला परतल्यावर तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं पाव हातात घेतला, लोण्यावर बोट दाबलं आणि म्हणाला, "हवालदार, माझ्या घरात खोबरेल दगूड झालंय. तुमचं लोणी कसं काय मऊ?"

मामांनी सात पाणी सांगितली, वैल सांगितला, ज्वारीचं पोतं सांगितलं.

"ते व्हय. पण ह्यात छापलंय न्हवं? तुमच्याच भाचीनं."

सगळे हसले. मामाही हसले, असं चाचा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी कोरा पाव मागितला. तिसऱ्या दिवशी पाच-सहांनी. एकानं तर लावलेलं लोणी पावाच्या कडेनं खरवडून फळीवर पुसलं, मामांच्या देखत. चाचा त्याच्या अंगावर धावून गेले, "आरं, ह्यांच्या म्हशी रोज तुज्या दारावरनं चराय जात्यात! डोळं हायत का बटनं?" तो म्हणाला, "म्हशी खऱ्या हायत, चाचा. लोण्याचं म्हणतोय मी." ज्या गावात कुणाच्या घरी किती दूध निघतं हे न विचारता ठाऊक असतं, त्या गावात माझ्या छापील ओळीनं म्हशीपेक्षा जास्त विश्वास कमावला होता. एखाद्या पत्रकाला याहून मोठं यश मिळाल्याचं माझ्या माहितीत नाही.

आणि मग एका सकाळी मामा सट न घेताच बेकरीत आले. हातात स्टीलचा डबा होता. आत लोण्याची वीट, रात्रभर क्वार्टर गार्डमध्ये ठेवलेली. लाकडी पट्टी तिच्यावर चालेना, म्हणून चाचांची सुरी घेतली. पहिलाच पाव मधोमध फाटला. ज्यानं खोबरेलाचं विचारलं होतं, त्यानं तो फाटका पाव उचलून चावला आणि मान डोलावली. "हां! आत्ता कसं आसल वाटतंय." त्या दिवशी सगळ्यांनी लोणी लावून घेतलं, सगळ्यांचे पाव फाटले, आणि मामांच्या प्रामाणिकपणाबद्दल वडूजला पुन्हा शंका उरली नाही. चाचा फोनवर मला एवढंच म्हणाले, "बेटी, तुमी शिकलेली मान्सं. जरा इचारायचं तर."

मी रागीट आहे, पण पळपुटी नाही. दुसरं पत्रक लिहिलं. ‘चुकीची दुरुस्ती’ असा मथळा, आणि त्यात मामांची सगळी रीत, सात पाण्यांपासून ज्वारीच्या पोत्यापर्यंत. ते घेऊन वडूजला गेले. मामा गोठ्यात होते. आत्याला मी म्हणाले, "मामांनी न वाचताच वाटलं गं. वाचलं असतं तर मला तिथंच अडवलं असतं." आत्या भाकरी थापायची थांबली. "न वाचता? आगं, चष्मा लावून दोनदा वाचलं. मी म्हणलं, आवं, हे तर तुमच्याच लोण्याला चोर म्हणतंय. तर म्हणाले, पोरीनं जीव लावून लिवलंय, गावात पयल्यांदा कायतरी घिऊन आलीया. आपल्या घरातल्यांनीच ते न्हाई वाटलं तर लोकं काय म्हणतील तिला?"

मला सभेत बोलायची सवय आहे. माईक बंद पडला तरी मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. त्या वेळी मात्र मी खाली बसून चुलीत लाकूड सारलं.

मामा आले. मी नवं पत्रक पुढं केलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, एका जागी ‘वैल’चा वेलांटीवाला ‘विल’ झाला होता तो नखानं दाखवला, आणि घडी घालून परत दिलं. "झ्याक लिवलंयस. पर वाटू नगंस."

"का? चूक माझी आहे मामा. लोकांना कळायला पाहिजे."

"त्यांना आत्ता कुटं पटलंय. आता परत दुसरं सांगशील, तर ती म्हणतील, हिचं पयलं खरं का दुसरं? तुझं नाव जाईल पोरी. लोण्याचं काय, ते गार बी खात्यात लोकं." आणि वर, "मला बी बरंच पडतंय. सारखं पानी बदलायचं, सारखं हिकडनं तिकडं न्यायचं. वय झालं आता."

हे खोटं होतं, आणि ते त्यांना फारसं नीट बोलता आलं नाही. सट फडताळाच्या वरच्या फळीवर पालथी घातलेली होती, कोरडी. मी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतला, जसा मोठी माणसं पाऊस थांबायची वाट बघतात तसा.

जेवायला बसलो. आत्यानं भाकरी वाढली आणि फ्रिजमधला डबा आणून ठेवला. मी चमचा घालून बघितला, चमचा वाकला. मामांनी डबा स्वतःकडं ओढला, सुरीनं एक तुकडा काढला आणि तळहातावर घेऊन मूठ बंद केली. "थांब जरा," म्हणाले. मूठ मांडीवर ठेवून ते मला सांगलीत थंडी कितपत असते ते विचारत राहिले, खोलीला ऊन येतं का, सकाळी कोण चहा करून देतं. माझी भाकरी निवत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी मूठ उघडली. तुकडा मधे अजून घट्टच होता, कडेनं तेवढा सुटला होता. ती कड त्यांनी करंगळीनं निपटून माझ्या भाकरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली आणि उरलेला खडा डब्यात परत टाकला.

"खा," म्हणाले. "तुझ्यापुरतं हाय."