हळदीचे पाय

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आणि त्याच्या जातीला सध्या धोका नाही, असं बागेतल्या पाटीवर वाचलं की माझं डोकं फिरतं. नसेल बाई. पण निलंग्याच्या रस्त्यावरच्या माझ्या माहेरी तो मला पुन्हा दिसला नाही.

पूर्वी काकांच्या किराणा दुकानापुढच्या वडावर हरियालांचे थवेच्या थवे असत. हिरव्या पानांत दिसायचे नाहीत. फळं टपटपली की कळायचं, आहेत. काका कपाळाला विभूती लावून, वर बघून हात जोडत आणि मग दुकान उघडत. "हरियाल भुईला पाय लावत न्हाई," ते गिऱ्हाइकांना सांगत. "उतरला तरी पायात काडी धरून उतरतो." म्हणून चिमण्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवणारे काका हरियालांच्या पाण्याची काळजी करत नसत.

मग लातूर जिल्हा झाला. आम्ही पेढे वाटले. जिल्ह्याला जाणारा रस्ता मोठा हवा, म्हणून वडाच्या बुंध्यावर चुन्याची खूण आली. त्यात पाऊस दडी मारून बसलेला. वडाचा पाला लोकांनी बैलांसाठी आधीच ओरबाडला होता, उरलेलं झाड मजुरांनी पाडलं. थवा रिकाम्या जागेवर घिरट्या घालून निघून गेला.

"जातील कुठंतरी," काका म्हणाले. "रान का थोडं हाय?"

रान थोडंच होतं.

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते. एका दुपारी टँकरच्या पाण्याची बादली दुकानाच्या पायरीशी होती. तिच्याजवळ मातीत एक पाखरू उतरलं, धुळीनं माखलेलं, चोच उघडी.

"काका, हरियाल," मी म्हणाले.

"येडी हाईस का? भुईवर उभं हाय. पारवा हाय त्यो."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकून त्याला हुसकावलं. त्याची चोच पाण्याला लागलीही नव्हती.

संध्याकाळी ते वडाच्या ढलप्यांत मेलेलं सापडलं. काकांनी त्याला उताणं केलं. पाय हळदीसारखे पिवळे. मला रडू आलं आणि काकांचा रागही आला.

वडाची एक वाळकी काडी उचलून त्यांनी त्या पिवळ्या बोटांत बसवली. मग खड्डा केला आणि आम्हा लिंगायतांत माणसाला देतात तशी त्याला माती दिली.

हात मातीनं भरले होते. मी बादली पुढे सरकवली. काकांनी धोतराला हात पुसले, पण त्या पाण्याला बोट लावलं नाही.