जाळीतली हळद

आठवडाभर मी लॅपटॉपला हात लावायला घाबरत होते. चालू केला की पाच मिनिटांत पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, खालची बाजू तव्यासारखी तापायची, टाइप केलेला शब्द दिसायला वेळ लागायचा आणि मग पडदा काळा. आत माझं पीएचडीचं सगळं काम होतं. सांगलीत हळद निवडणाऱ्या बायकांच्या मुलाखती, त्यांच्याच आवाजात. त्यातल्या दोघी आता हयात नाहीत. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. दुसरीकडे कॉपी करून ठेव, असं जो तो सांगायचा आणि मी उद्या-उद्या करत राहिले. आता कॉपी करायला घेतली की अर्ध्यातच मशीन बंद पडायचं. माझ्यासारखी शहाणी मीच.

दुरुस्तीच्या दुकानात गेले, तर त्यांनी आधी कागद पुढे सरकवला. आतल्या माहितीची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा. पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. तशीच लॅपटॉप छातीशी धरून रिक्षाने परत आले.

आबा, म्हणजे माझे वडील, दारातच खुर्ची टाकून बसले होते. उंब्रजला हायवेच्या कडेला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. मग हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं आणि मी त्यांना सांगलीला आणलं.

"धूळ बसली आसंल," ते म्हणाले. "आण हिकडं. पंखा म्हंजे मोटारच की."

"आबा, नको. फार नाजूक असतं ते."

"आन् मी काय पहार घिऊन बसणार हाय व्हय?"

मी हो म्हटलं. विश्वास होता म्हणून नव्हे, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

रविवारी सकाळी खिडकीखाली चांगला उजेड होता. आबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं. रेघ वाकडीतिकडी आली. ही त्यांची दुकानातली पद्धत. निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्याच जागी टोचून ठेवायचा, म्हणजे परत लावताना चूक होत नाही. पाठीचे स्क्रू त्यांनी दोन्ही हातांनी स्क्रू ड्रायव्हर धरून काढले, झाकण मी नखांनी उचकटलं. काहीतरी कट्कन वाजलं आणि मी हात मागे घेतला. आबांनी आधी बॅटरीची जोडणी सोडवायला लावली.

आत पंख्यापाशी गोधडीतल्या कापसासारखा थर जमला होता. पण तो पिवळा होता. मला वाटलं, मुलाखती घेताना हळदीच्या बाजारातून मीच ही हळद लॅपटॉपच्या पिशवीत घेऊन आले असणार. तेवढ्यात कडेला अडकलेला तांदळाचा दाणा दिसला. कुंकू लावलेला.

अक्षता! गेल्या खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेसाठी आबांनी पाटावर पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर मांडले होते आणि त्यांच्या शेजारी माझा लॅपटॉप. मी हसून स्वयंपाकघरात निघून गेले होते.

"उलटा ठेवला हुता," आबा खाली बघत म्हणाले. "यंत्राचा जीव मोटारीत. म्हटलं, पंख्याच्या जाळीलाच हळद लावावी. तर हात हलला. आख्खा करंडा सांडला."

"मग सांगायचं नाही का?"

"भ्या वाटलं. तू म्हणशील, ह्यो म्हातारा आता कायच कामाचा ऱ्हायला न्हाई."

मला राग आला होता, प्रचंड राग. पण त्यांना नको म्हणताना माझ्या मनात नेमकं तेच आलं होतं.

ते पंख्याचा स्क्रू काढायला वाकले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूवर टेकेना. ते आतल्या हिरव्या सर्किटच्या पट्टीवर इकडेतिकडे भरकटत होतं आणि एक ओरखडा जरी उठला तरी त्या दोघींचे आवाज गेले, एवढंच मला दिसत होतं. मी त्यांचं मनगट धरलं. ते थांबले. मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"आधी दाबून धर. मग फिरव. घाई न्हाई."

मी जन्मात स्क्रू फिरवला नव्हता.

"बघ, तुजा बी हात हलतोय," ते म्हणाले आणि जरासे हसले.

पंखा निघाला. पात्यांमध्ये आगकाडी अडकवून तो फिरू न देता मी कोरड्या ब्रशने झाडला. जाळीतून पिवळी लादी अखंड बाहेर आली. मग चित्र बघत एकेक स्क्रू परत लावला. बटण दाबताना मी डोळे मिटून घेतले होते.

पंखा फिरला, पण आवाज ऐकायला कान जवळ न्यावा लागला. मी लगेच पेन ड्राइव्ह लावला. दोघंही पडद्यावर सरकणाऱ्या कॉपीच्या पट्टीकडे बघत बसलो. आबा मधूनमधून खालून हात लावून बघायचे. कोमटच होतं. पट्टी शेवटपर्यंत गेली.

"ऱ्हायलं का समदं?"

"राहिलं, आबा."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. उंब्रजच्या दुकानातला, बारीक टोकाचा, लाकडी मुठीचा. मूठ त्यांच्या बोटांनी झिजलेली.

"ह्यो आता तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

मी हात पुढे केला नाही; घेतला तर आबांच्या हातातलं काम कायमचं संपलं, असं झालं असतं. ते तसाच धरून राहिले. आठवडाभर मी घाबरले होते, पण तो स्क्रू ड्रायव्हर घ्यायला जेवढी घाबरले तेवढी नाही.